मुखदर्शनाची रांग

ऑनलाइन खेळांतील ‘रेड’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झालेली आहे. आम्ही दोघेही परळी वैजनाथला मराठी शिकवतो. त्यामुळे आमच्या चर्चा शब्दांपासून सुरू होतात आणि पुष्कळदा शब्दांपाशीच संपतात. ‘छापा’ म्हणावे तर आयकर खाते आठवते. ‘धाड’ म्हटले की टोळ आणि दरोडेखोर. अखेर ‘मोहीम’ हा शब्द आम्हांला मानवला, कारण त्यात माणसांची जमवाजमव, रसद, पूर्वतयारी आणि यशाची अनिश्चिती हे सारे येते. मोहिमेत मिळणाऱ्या वस्तूंना खेळाडू ‘लूट’ म्हणतात. तो शब्द मात्र इंग्रजीने आपल्याच बाजूकडून नेलेला आहे, त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज नव्हती.

या विषयाशी आमचा संबंध आला तो पुतण्यामुळे. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातील खोली सोडून तो आमच्याकडे राहायला आला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. दिवसा कंपनीचे काम आणि आठवड्यातील तीन रात्री ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. त्याचा गट, म्हणजे गिल्ड, युरोपातील सर्व्हरवर खेळत असे. तिकडे संध्याकाळचे आठ वाजले की परळीत हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज येई: “उजवीकडे, उजवीकडे, थांबा, आता पळा.” पहिले काही आठवडे आम्ही हे वाया गेलेल्या तारुण्याचे लक्षण समजून निमूटपणे ऐकले. पुढे झोप लागेना म्हणून खुर्ची घेऊन त्याच्या मागे बसू लागलो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहा, वीस, एके काळी चाळीस माणसे आपापल्या घरांतून एकाच वेळी एका किल्ल्यात किंवा गुहेत शिरतात. काहींनी राक्षसाचे प्रहार अंगावर झेलायचे, काहींनी जखमी सोबत्यांवर उपचार करत राहायचे, उरलेल्यांनी मारायचे. राक्षसाची प्रत्येक चाल ठरलेली असते आणि प्रत्येक चालीला उत्तर असते. एकाने चूक केली की बहुधा सगळे मरतात. मग सगळ्यांनी पुन्हा उठायचे, पुन्हा दाराशी यायचे, पुन्हा आरंभ करायचा. एकेका राक्षसापाशी शंभर-दोनशे वेळा मरणे ही वरच्या पातळीवर नवलाची गोष्ट नव्हे. त्या डिसेंबरात ‘कॅसल नॅथ्रिया’ नावाची दहा राक्षसांची नवी मोहीम खुली झाली होती आणि पुतण्याचा गट त्यांपैकी स्लजफिस्ट नावाच्या एका अवाढव्य प्राण्यापाशी अडला होता. हा प्राणी एकेका खेळाडूवर नजर रोखतो आणि त्याच्यावर धावून जातो. त्या खेळाडूने अशा बेताने उभे राहायचे की प्राणी जाऊन खांबावर आदळावा. शिवाय तो खेळाडूंच्या जोड्या साखळीने बांधतो. जोडीतील दोघे एकमेकांपासून दूर गेले की दोघांचाही घात. विवाहित माणसांना हा राक्षस समजायला फारसे स्पष्टीकरण लागत नाही.

आमचे कुतूहल मात्र राक्षसापेक्षा एका वादाविषयी होते, जो पुतण्या आणि त्याचे सोबती मधल्या विश्रांतीत नेहमी घालत. मोहीम किती कठीण असावी? एकच मोहीम चार वेगवेगळ्या काठिण्यपातळ्यांवर उपलब्ध असणे हे चांगले की वाईट? सोप्या पातळीवर कोणालाही शेवटचा राक्षस मारता येत असेल, तर कठीण पातळीवर तो मारण्याचे समाधान कमी होते का? आम्ही वीस वर्षे वर्गात उभे राहतो. हा वाद आम्हांला फार ओळखीचा वाटला.

या खेळाचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो, असे वाचत गेल्यावर दिसले. खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. आरंभीच्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसे लागत, आणि चाळीस माणसे वेळेवर जमवणे हेच निम्मे काठिण्य होते. कोणत्याही महाविद्यालयात स्नेहसंमेलनाची जबाबदारी घेतलेल्या माणसाला हे पटेल. २००६ च्या आरंभी आलेल्या एका मोहिमेतील शेवटचा राक्षस, सथून, तीन महिन्यांहून अधिक काळ कोणालाच हरला नाही. जगातील उत्तमोत्तम गटांनी आकडेमोड करून सांगितले की हा मुळात मरूच शकत नाही. कंपनीने त्याच्यात दुरुस्ती केली आणि मग तो पडला. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला गेला, विद्यार्थ्यांनी ओरड केली, सर्वांना गुण देण्यात आले, अशा जातीची ही घटना. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नॅक्सरामस ही मोहीम आली. ती अशक्य नव्हती, पण इतकी कठीण होती की लक्षावधी खेळाडूंपैकी अगदी मूठभरांनी ती आतून पाहिली. तिच्या दालनांवर, संगीतावर, राक्षसांच्या रचनेवर जे श्रम झाले, ते बहुतेकांनी पाहिलेच नाहीत. वर्गणी मात्र महिन्याच्या महिन्याला सगळेच भरत होते. २००८ साली कंपनीने तीच मोहीम दहा आणि पंचवीस माणसांसाठी सोपी करून पुन्हा आणली, आणि जुन्या खेळाडूंना आपल्या देवघरात कोणी चपला घालून आल्यासारखे वाटले.

त्यानंतर लंबक हलतच राहिला. २००९ च्या अखेरीस आलेल्या आइसक्राउन मोहिमेत पुढील वर्षी कंपनीने सर्व खेळाडूंची शक्ती ठरावीक काळाने पाच-पाच टक्क्यांनी वाढवत नेली आणि ती वाढ शेवटी ३० टक्क्यांवर पोचली. ज्यांना आधी जमले नाही त्यांना जमावे, हा हेतू. आमच्या भाषेत हे ग्रेस गुण. फरक इतकाच की इथे ते उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर न देता लिहितानाच मनगटात भरले जात. २०१० च्या डिसेंबरात पुन्हा कठीण मोहिमांचा प्रयोग झाला, तक्रारी आल्या, आणि रचनाकारांपैकी एकाने जाहीर लेख लिहून काठिण्याची बाजू मांडली. ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख असलेली सभासदसंख्या वर्षभराने १ कोटी ३ लाखांवर आली होती. ती काठिण्यामुळेच घटली असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण खेळ तेव्हा सहा वर्षांचा झाला होता आणि माणसे कंटाळतातही. पण नोव्हेंबर २०११ मध्ये नवी सोय आली: यादीत नाव घालायचे, यंत्र अनोळखी पंचवीस जणांचा गट जमवून देते, आणि पुष्कळच सौम्य केलेली मोहीम कोणालाही पाहता येते. पुढे तीत एक भरही पडली. गट हरला की पुढच्या प्रयत्नात सर्वांची शक्ती पाच टक्क्यांनी वाढते, पुन्हा हरला की आणखी पाच. २०१४ मध्ये सर्वांत वरची पातळी वीस माणसांवर कायम करण्यात आली आणि तिच्या खाली तीन पातळ्या राहिल्या. पुतण्या खेळत होता ती सर्वांत वरची.

त्याचे म्हणणे असे की खालच्या यादीवाल्यांनी राक्षस ‘पाहिला’, मारला नाही. “काका, ते म्हणजे पंढरपूरला जाऊन मुखदर्शन घेऊन परत येण्यासारखं आहे.”

दृष्टान्त त्याने सहज दिला होता, आम्ही मात्र तो धरून बसलो. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. आषाढीला पहिल्या रांगेत माणसे रात्रंदिवस उभी राहतात. दुसरीतून दुरून विठ्ठलाचे मुख पाहून थोड्या वेळात बाहेर पडता येते. ज्याला तेही शक्य नाही तो कळसाचे दर्शन घेतो आणि परतीला लागतो. म्हणजे एकाच देवाच्या तीन पातळ्या आपल्याकडे केव्हाच्या आहेत. आणि जो माणूस आळंदीहून किंवा पैठणहून चालत आला, चोवीस तास रांगेत उभा राहिला, त्याने एस.टी.ने येऊन मुखदर्शन घेणाऱ्यावर, तुझ्यामुळे माझ्या वारीचे मोल कमी झाले, असा आक्षेप घेतल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. चालत आलेला वारकरी तर गर्दी पाहून पुष्कळदा स्वतःच कळसाला हात जोडून माघारी वळतो. योगायोग असा की हे बोलणे चालले होते त्या दिवसांत पंढरपुरात फक्त मुखदर्शनच होते. मार्चमध्ये बंद झालेली मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पण पदस्पर्शदर्शन पूर्ववत व्हायला २०२२ चा गुढीपाडवा उजाडला. त्या वर्षीच्या आषाढीला माउलींच्या पादुकाही एस.टी.तूनच पंढरपूरला गेल्या होत्या. आमच्या परळीत तर वैजनाथाच्या लिंगाला भाविक स्वतः हात लावू शकतो, हे गावाचे भूषण. ते दारही त्या काळात बंद होते. स्पर्श आणि दर्शन यांतील अंतर त्या वर्षी सगळ्यांनाच मोजून मिळाले.

पुतण्याने यावर जे उत्तर दिले ते आम्हांला निरुत्तर करणारे होते. विठ्ठल पदस्पर्शवाल्याला तलवार देत नाही, म्हणाला. दर्शनाला लूट नाही, मोहिमेला आहे. जिथे मिळालेली वस्तू अंगावर घालून चौकात मिरवता येते, तिथे कोणत्या रांगेतून आलात याला अर्थ येतो. हे खरेच आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावरही कोणत्या रांगेतून आलात ते लिहिलेले नसते, आणि चांगल्या विद्यार्थ्याची तक्रार नेमकी तीच असते.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलेला विचार अशा चर्चांत हटकून येतो: आव्हान कौशल्याहून फार मोठे असेल तर माणूस धास्तावतो, फार लहान असेल तर कंटाळतो, आणि दोन्ही जुळले की काळाचे भान हरपते. विचार सुंदर आहे. मात्र त्यात एकाच माणसाचे चित्त गृहीत धरलेले आहे. वीस माणसांच्या गटात वीस कौशल्ये असतात आणि राक्षस एकच. जे आव्हान एकाला जुळते ते दुसऱ्याला जड आणि तिसऱ्याला हलके. गटाचे समाधान ही वीस समाधानांची बेरीज असते की आणखी काही, याचे उत्तर त्या आकृतीत मिळत नाही.

ते शोधताना आम्हांला दहीहंडी आठवली. मराठवाड्यात ती मुंबई-ठाण्याइतकी मोठी नसते, पण थरांचे गणित सर्वत्र तेच. २०१२ साली ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावले, तेव्हा उंची ४३.७९ फूट भरली आणि गिनीज बुकाने तिची नोंद घेतली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, परत आले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा दूर ठेवली. चौदा वर्षांखालील मुलांना मात्र मज्जाव राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा थर लावून दाखवले. पथकांचे म्हणणे असे की वीस फुटांवर, म्हणजे चार-पाच थरांवर, खेळ संपतो. न्यायालयापुढे प्रश्न हाडांचा होता. खेळातले मरण खोटे असते आणि दहीहंडीतले पडणे खरे, हा भेद लहान नाही. त्याच्या जोरावरच वॉरक्राफ्टवाले दोनशे वेळा मरू शकतात.

पण दहीहंडीतील जी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वरच्या टोकाला नाही. सर्वांत खालच्या थरातील माणूस हंडी फुटताना पाहत नाही. त्याची मान खाली, खांद्यावर पाय, डोळ्यांत पाणी आणि दही. वर काय झाले ते त्याला लोकांच्या आवाजावरून कळते. तरीही वर्षानुवर्षे तीच माणसे त्याच जागी उभी राहतात आणि त्यांना विचारले तर आम्ही नऊ लावले असे सांगतात. मी नववा होतो, असे कोणी सांगत नाही. स्पेनमधील कॅटलोनियात असेच मनोरे रचतात आणि तिथे मनोरा नुसता पुरा होणे वेगळे मोजतात, आणि रचून सुखरूप उतरवणे वेगळे. उतरवलेल्याचे मोल अधिक. खालच्या माणसाला यातून न्याय मिळतो, कारण सगळे उतरेपर्यंत त्याचे काम संपत नाही.

पुतण्याच्या गटात असा एक खालच्या थरातला माणूस होता. चेन्नईचा, वयाने पन्नाशीजवळ, उपचार करणाऱ्यांपैकी एक. गट सहा वर्षांपूर्वी ज्या चौघांनी उभा केला त्यांतला. नव्या मुलांच्या भांडणांत मध्यस्थी करणारा, कोणाची नोकरी गेली तर त्याची महिन्याची वर्गणी गुपचूप भरणारा. मोहिमेत मात्र त्याची बोटे आता मंद झाली होती. स्लजफिस्टपुढे वेळेचे गणित इतके काटेकोर होते की त्याच्यामुळे दोन-तीन टक्के कमी पडत. आकडे सर्वांसमोर असतात. प्रत्येक प्रयत्नानंतर कोण किती कमी पडले त्याचा तक्ता उघडतो. एकदा राक्षस तीन टक्क्यांवर असताना परळीत लाईट गेली आणि पुतण्याच अंधारात बसला. वीज निर्माण करणाऱ्या गावात वीज नसणे हा आमच्याकडचा जुना विनोद आहे, तो त्या रात्री कोणाला सांगण्यासारखा नव्हता. लाईट परत आली तेव्हा गटाने पुतण्याला कोणताही दोष दिला नव्हता. चेन्नईवाल्याच्या जागी दुसरा घ्यावा का, याची चर्चा सुरू होती. आणि निर्णय तिघांच्या हातात होता, त्यांतला एक पुतण्या.

आमच्या घरात या प्रश्नावर दोन तट पडले आणि ते आजही आहेत. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की वरची पातळी स्वेच्छेने स्वीकारलेली आहे. तिथे राहायचे तर तिचे माप मानले पाहिजे. ज्याला ते झेपत नाही त्याच्यासाठी खालच्या तीन पातळ्या आहेतच, आणि त्या असल्यामुळेच त्याला बाजूला बसवणे क्रूर ठरत नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की पातळ्या आहेत म्हणूनच क्रौर्य सोपे होते. पूर्वी चाळीस जणांत पाच-सहा अशक्त माणसे सहज लपत आणि सगळे मिळून त्यांना ओढून नेत. आता वीसच जागा, आणि ‘तू खालच्या रांगेत जा’ हे वाक्य तयार. सोय केल्याने सांभाळून घेण्याचे कारणच उरत नाही.

हा वाद निव्वळ खेळाचा राहिला नाही. त्या सत्रात आमच्या पदव्युत्तर वर्गातील मध्ययुगीन साहित्याचा प्रश्न होता. अंबाजोगाई आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथे मुकुंदराजांची समाधी, तिथेच दासोपंतांची पासोडी. इतक्या जवळ राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना ‘विवेकसिंधु’ची एक ओवी स्वतःहून लावता येत नाही, कारण ती लावण्याची वेळच येत नाही, बाजारातील अपेक्षित प्रश्नसंचांत तिचा अर्थ तयार मिळतो. इथेही खेळाचा इतिहास बोलका आहे. २००५ साली रॅग्नारोस नावाच्या राक्षसाला मारायला पहिल्या गटाला खेळ सुरू झाल्यापासून पाच महिने लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने तोच जुना खेळ पुन्हा खुला केला, तेव्हा तो सहा दिवसांच्या आत पडला. पात्रे थोडी बलवान केलेली होती हे मान्य, पण मुख्य फरक माहितीचा. चौदा वर्षांत प्रत्येक चालीवर लिहून झाले होते. म्हणजे पाच महिन्यांतले पुष्कळसे काठिण्य अज्ञानाचे होते, आणि ते एकदा गेले की परत आणता येत नाही. चकित करणारी गोष्ट पुढे आहे: सहा दिवसांत पडणाऱ्या त्याच सोप्या मोहिमांत माणसे महिनोन्‌महिने आनंदाने जात राहिली. चाळीस जण जमायचे, गप्पा मारत जायचे, कोणी मागे पडले तर थांबायचे. काठिण्य ओसरल्यावरही त्यांना तिथे यावेसे वाटत होते. आपल्याकडचे रात्रभराचे कीर्तन याहून फार वेगळे नाही; गोष्टीचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो.

म्हणून आम्ही वर्गात एक बदल केला. टिपणे वाटायची, अर्थ आधी सांगायचा, लपवालपवी करायची नाही. पण दर शनिवारी पाच-पाच जणांच्या गटाने एक न पाहिलेली ओवी लावून दाखवायची, आणि गुण गटाला. आमच्यापैकी ज्याला हे मान्य होते त्याची अट अशी होती की गट विद्यार्थ्यांनी न निवडता आम्ही चिठ्ठ्या टाकून पाडायचे. पहिल्या महिन्यात हुशार मुली चिडल्या, आणि त्यांचे चिडणे योग्य होते. एका गटातील मुलगा गावावरून येई, ऑनलाइन तासाला त्याचा आवाज तुटत असे. त्याच्या वाट्याचे काम इतर करत आणि गुण सारखेच मिळत. एकीने आम्हांला सरळ विचारले की मॅडम, सर, माझ्या गुणांतून त्याला का द्यायचे? आम्ही तिला हंडीच्या खालच्या थराचे सांगितले. तिला ते पटले नाही. त्यानंतरच्या एका शनिवारी त्याच मुलाने ओवीतील एका अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगितला, कारण तो शब्द त्याची आजी अजून रोजच्या बोलण्यात वापरते. तिला पटले ते तेव्हा, आणि तेही त्या एका शब्दापुरते.

चेन्नईच्या गृहस्थांचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. तिघांची बैठक व्हायच्या आदल्या रात्री त्यांनी कळवले की आपण वरच्या पातळीवरून बाजूला होतो आणि शनिवारी सोप्या पातळीची एक मोकळी मोहीम चालवतो, ज्याला यायचे त्याने यावे. त्यांच्या जागी एक पोलिश मुलगा आला आणि दोन आठवड्यांत स्लजफिस्ट पडला. त्या रात्री पलीकडच्या खोलीतून मोठा आरडाओरडा ऐकू आला. आम्ही उठून गेलो, तर पुतण्या आनंदात होता, पण लवकर झोपला. पुढे दोन राक्षस उरले होते. गटातील चार जण वसंतात दुसऱ्या, अधिक वरच्या गटात गेले आणि वीसची संख्या पुन्हा भरली नाही.

पुतण्या २०२१ मध्ये पुण्याला परतला. आता तो फक्त शनिवारी खेळतो, चेन्नईवाल्यांच्या मोहिमेत. तिथे कधी बारा जण असतात, कधी पंचवीस. मागच्या दिवाळीत आला तेव्हा त्याला विचारले की तिथे समाधान मिळते का. म्हणाला, “मिळतं, काकू. पण त्या रात्रीसारखं नाही मिळत.” एवढे बोलून तो फराळाचे ताट घेऊन गच्चीवर गेला, आणि आमच्यातला जुना वाद पुन्हा सुरू झाला.